भिंतीबाहेरचा वर्ग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत एक पालक आमच्याकडे आले. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. ती आम्हीच मुलांबरोबर घरोघर पाठवली होती. घाटावर एका ख्रिस्ती संस्थेचे शिबिर होते. सातवीच्या मुलांना चार दिवस तिकडे न्यायचे ठरत होते. त्यासाठी घरच्या माणसांची सही हवी होती.

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. म्हणाले, "गुरुजी, पोरगं शाळेत शिकायला घातलंय. रानात भटकायला नाही. रानात तर ते रोजच जातंय, गुरांमागं."

आम्ही म्हटले, "बसा तरी."

ते बसले नाहीत. "दुसरं असं, की हे शिबिर ख्रिस्ती लोकांचं आहे. तिथं पोरांना काय शिकवतील, कोणी बघितलंय?" थोडे थांबले आणि मग हळूच म्हणाले, "आणि सवला काय झालं ते तुम्ही विसरला असाल. आम्ही नाही विसरलो."

यावर आम्हाला लगेच काही बोलता आले नाही.

आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण आम्ही ओळखली. ते दिवस भात झोडणीचे होते. घरातले दोन हात चार दिवस कमी होणार होते.

मंडळी, आता आम्ही निवृत्त झालो आहोत. पण अशा चिठ्ठ्या अजून घरोघर येतात. पूर्वी चिठ्ठी आली की शेजाऱ्याकडून नाहीतर पोराकडूनच वाचून घ्यावी लागे. पोर आपल्याला हवे तेवढेच वाची! आता ती तुम्ही स्वतः वाचाल. सही करायची की नाही तेही तुम्हीच ठरवाल. म्हणून त्या गृहस्थांच्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

पहिली गोष्ट रानात भटकण्याची.

बोर्डी हे गाव आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नसत. का येत नसत? ती गुरे राखायला जात. मग या बायांनी काय केले? मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे नेली. जिथे गुरे चरत तिथेच वर्ग भरू लागला. त्याला नाव पडले 'कुरणशाळा'. पाने, दगड, बिया हीच तिथली पाटी आणि हेच तिथले पुस्तक.

म्हणजे गुरांमागे फिरणारे पोर काहीच शिकत नाही, असे नाही. ते पुष्कळ शिकत असते. पण आपण काय शिकलो ते त्याला ठाऊक नसते, आणि त्याला विचारणारेही कोणी नसते. विचारणारा बरोबर असला, की त्याच रानाचा वर्ग होतो.

आता ख्रिस्ती शिबिराविषयी.

१८४४ साली लंडन शहरात जॉर्ज विल्यम्स नावाचा एक तरुण कापडाच्या दुकानात नोकरी करी. त्याच्यासारखी खेड्यातून आलेली पुष्कळ मुले तिथे राबत. दिवसभर काम, रात्री दुकानाच्याच माडीवर झोप. वाईट संगत लागायला वेळ लागत नसे. विल्यम्सने आपल्या सोबत्यांना एकत्र केले आणि ख्रिस्ती तरुणांची एक संस्था काढली. तिला वाय.एम.सी.ए. म्हणतात. ती पुढे जगभर पसरली. मुंबईत ती १८७५ साली आली.

याच संस्थेच्या कामातून अमेरिकेत १८८५ साली समनर डडली नावाच्या माणसाने सात मुलगे बरोबर घेतले आणि एका तळ्याकाठी तंबू ठोकला. शहरातल्या मुलांना मोकळी हवा मिळावी, आपले काम आपण करण्याची सवय लागावी, एवढाच हेतू. जाण्यापूर्वी मुलांचे केस अगदी बारीक कापले होते. म्हणून त्या शिबिराला 'टकलूंचे शिबिर' असे नाव पडले. तेच शिबिर पुढे दुसऱ्या मोठ्या तळ्याकाठी गेले आणि अजून दर उन्हाळ्यात भरते.

आपल्या गावात संध्याकाळी पोरे व्हॉलीबॉल खेळतात. हा खेळही याच संस्थेतून आला आहे, बरं का! १८९५ साली विल्यम मॉर्गन नावाच्या तिथल्या व्यायामशिक्षकाने तो बसवला. खेळताना कोणी विचारीत नाही, की हा खेळ कोणत्या धर्माचा.

आपल्या महाराष्ट्रातही या संस्थेची शिबिराची जागा आहे. कामशेत स्टेशनावर उतरून मावळात आत गेले, की निळशी हे गाव लागते. तिथे ठोकरवाडीचा मोठा जलाशय आहे. टाटांनी धरण बांधून ते पाणी अडवले. ते डोंगराखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडतात आणि त्यावर वीज होते. या पाण्याच्या काठी मुंबईच्या वाय.एम.सी.ए.ची जागा आहे. शाळांची मुले तिथे जाऊन राहतात.

अशा शिबिरात काय करतात? पहाटे उठतात. डोंगर चढतात. होकायंत्र घेऊन दिशा शोधतात, नकाशावरून वाट काढतात. दोराच्या गाठी शिकतात. रात्री आकाशातले तारे ओळखतात. आपले अंथरूण आपण घालायचे, आपले ताट आपण घासायचे. सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचे, एकाच पिंपातले पाणी प्यायचे. या शेवटच्या गोष्टीचे मोल महाड तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांबरोबर चवदार तळ्यावर गेले, ते ओंजळभर पाण्यासाठीच.

हा सगळा खेळ झाला, असे कोणी म्हणेल. तर त्याला एक गोष्ट सांगतो. दुसरे महायुद्ध चालू होते. इंग्रजांची जहाजे समुद्रात बुडवली जात होती. खलाशी होड्यांत उतरत आणि मदतीची वाट बघत. लॉरेन्स होल्ट नावाच्या जहाजमालकाला एक नवल वाटले. धट्टेकट्टे तरुण खलाशी आधी मरत, आणि वय झालेले खलाशी जगत. असे का? म्हाताऱ्यांनी आयुष्यभर वारे-वादळे सोसली होती. धीर कसा धरायचा ते त्यांना ठाऊक होते. तरुणांच्या अंगात बळ होते, पण आपल्याला हे निभावता येईल असा भरवसा नव्हता. कुर्ट हान नावाचे एक शिक्षक हिटलरच्या जाचामुळे जर्मनी सोडून इंग्लंडात आले होते. होल्ट आणि हान यांनी मिळून १९४१ साली वेल्समध्ये समुद्रकाठी एक शाळा काढली. तिथे तरुण मुलगे महिनाभर होडी चालवत, डोंगर चढत, दुसऱ्याला वाचवायला शिकत. आज तशा शाळा कितीतरी देशांत आहेत.

हे आम्ही पुस्तकात वाचले. पण मुलांना बाहेर नेऊन शिकवणे म्हणजे काय, ते आम्ही सवला शिकलो. तेही स्वतःची चूक करून.

सव हे आपल्या महाड तालुक्यातलेच गाव, सावित्रीच्या काठी. तिथे ऊन पाण्याचे झरे आहेत. सांधे धरलेली, कातडीचा त्रास असलेली माणसे तिथे अंघोळीला येतात. आम्ही नुकतेच मुख्याध्यापक झालो होतो. हौस मोठी. पाचवी ते सातवीची पोरे घेऊन आम्ही चालत सवला गेलो.

झऱ्याचा धडा चांगला झाला. एक हात झऱ्यात आणि एक नदीत घालायला सांगितले. पोरे ओरडायलाच लागली. आम्ही विचारले, "खाली चूल कोणी पेटवली?" एक म्हणाला, ज्वालामुखी आहे. तसे नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल खोल जाते. जमिनीत जितके खोल जावे तितकी ऊब वाढते. एक किलोमीटर खाली गेले, की साधारण २५ ते ३० अंश. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येते. मग नकाशा उघडला. वज्रेश्वरीजवळची अकलोली, पालीजवळचे उन्हेरे, आपले सव, दापोलीकडचे उन्हवरे, संगमेश्वराकडचे आरवली, तुरळ आणि राजवाडी, राजापूरचे उन्हाळे. पोरांनी एकेका गावावर टिंब दिले. टिंबांची उभी ओळ झाली, सह्याद्रीच्या पायथ्याने चाललेली. तिथे जमीन पोटात भेगाळलेली आहे, हे पोरांना न सांगता दिसले.

आम्ही खूश झालो आणि तिथेच चुकलो.

दहा वाजले होते. नदीच्या पात्रात कोरडे खडक वर आलेले होते. जागा छान, सावली होती. आम्ही मुलांना तिथे खाली बसवले. पुढचा धडा नदीचा. एक मुलगी उभी राहिली. वर्गात ती वाचताना अडखळत असे. तिचा बाप खाडीत होडी चालवी. ती म्हणाली, "गुरुजी, आज पुनव आहे. पाणी चढंल."

आम्ही म्हटले, "आधी वही काढ."

तासाभराने बघतो, तर मघाचे कोरडे खडक ओले झालेले. काठाला ठेवलेले दोन डबे तरंगत चालले होते. पोरे हसू लागली. मग कोणीतरी बोट दाखवले. एक मुलगा डबा घेऊन लांबच्या खडकावर जाऊन बसला होता. पोलादपूरकडच्या डोंगरातला, मामाकडे शिकायला राहिलेला. त्याच्या गावची नदी एकाच दिशेने वाहते, वरून खाली. नदी उलटी चढते हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. त्याच्या चहूकडे पाणी झाले होते, आणि तो भाकरी हातात धरून तसाच उभा होता.

आम्हाला पोहता येते. पण तेव्हा पाय हलेनात. त्या मुलीनेच काठाने धावत जाऊन होडीवाल्याला हाक मारली. पोरगा वाचला. भिजलासुद्धा नाही. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

शाळेत जे पालक आले होते ना, ते त्या मुलाचे मामा.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला वर्गापुढे उभे केले आणि विचारले, "तुला कसे कळले?" ती म्हणाली, "बाबा तिथीची पाऊणपट करतात." आम्ही फळ्यावर मांडून पाहिले. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा येते; दुसरी साधारण साडेबारा तासांनी. हा समुद्रावरचा हिशेब आहे, आणि तोही ढोबळ. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. बाणकोटच्या मुखाशी आलेली भरती खाडीने चढत महाडकडे यायला आणखी वेळ घेते. पण किती वाजता सावध व्हायचे, एवढे नक्की कळते.

आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी घोकली. छड्याही खाल्ल्या. पाऊणकीचा उपयोग काय, ते आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तो त्या होडीवाल्याला ठाऊक होता. मुलगी त्यानंतर वाचायला अडखळेनाशी झाली असे नाही. पण तिला हसणे बंद झाले.

पाण्याची ओळख नसली तर काय होते, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी मुरुडला सहलीला आले. समुद्रात उतरले. चौदा जण बुडाले. घाटावरची शिकलेली मुले होती ती.

आणि डोंगराचे? २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुराखाली होते. डोंगरावरून धो धो पाणी यावे आणि त्याच वेळी खालून भरती चढावी, म्हणजे सावित्रीला वाट उरत नाही. उतारावर नवी भेग दिसली, झाडे किंवा विजेचे खांब कलू लागले, स्वच्छ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आले, तर घर सोडून सुरक्षित जागी जायचे आणि गावाला सांगायचे. प्रत्येक दरडीआधी अशी खूण दिसेलच, असे नाही. पण दिसली तर ओळखता आली पाहिजे. हा धडा बाकावर बसून पाठ होतो. डोंगरावर उभे राहून तो डोळ्यांना कळतो.

तर त्या मामांना आम्ही म्हटले, "तुमची भीती खरी आहे. चूक आमची होती. आता आपण दोघे मिळून प्रश्न काढू. शिबिरवाल्यांना विचारू. उत्तरे पटली तरच सही करा."

आम्ही कागद घेतला. ते सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. पाण्याजवळ मुले जाणार का? गेली तर पोहणारा माणूस कोण, आणि किती मुलांमागे एक? मुली असतील तर बाई शिक्षिका रात्री मुक्कामाला आहेत का? दवाखाना किती दूर? साप-विंचू निघाला तर गाडी आहे का? जेवणात काय? पैसे किती, आणि ज्याला झेपत नाहीत त्याचे काय? शिक्षण खात्याची परवानगी शाळेने घेतली का? ती घ्यावीच लागते. शेवटी ते थोडे संकोचून म्हणाले, "आणि प्रार्थना?"

आम्ही तेही लिहिले. यात संकोच कसला? आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात सांगितले आहे, की सरकारमान्य किंवा सरकारी मदतीच्या शाळेत कोणावरही धर्माच्या शिक्षणाची वा प्रार्थनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. शिबिर म्हणजे शाळा नव्हे, हे खरे. पण पोरे शाळेतर्फे जातात. तेव्हा साधे विचारावे, साधे उत्तर घ्यावे. उगाच संशय धरू नये आणि भिडेपोटी गप्पही बसू नये.

पंधरा दिवसांनी टपालाने उत्तर आले. सकाळी त्यांची प्रार्थना असते, ज्याला नको त्याने त्या वेळी अंगण झाडावे, असे लिहिले होते. मामा हसले. म्हणाले, "झाडू दे. घरी झाडीत नाही." मग पत्र पुन्हा एकदा वाचायला लावले, पाण्याचा भाग विशेष करून. झोडणीही तोवर उरकत आली होती. त्यांनी सही केली.

त्यांचा मुलगा गेला. भाचाही गेला. चार दिवसांनी दोघे परत आले ते उन्हाने काळे होऊन, आणि घरी जाऊन दिवसभर झोपले.

पुढच्या आठवड्यात मामा पुन्हा शाळेत आले. या वेळी न सांगता बसले. म्हणाले, "गुरुजी, पोरानं तिथली एक गाठ दाखवली. कितीही ओढा, फास आवळत नाही, आणि सोडायला गेलं की झटक्यात सुटते. मला म्हणतो, बाबा, ही मोठी हुशारीची गाठ आहे."

"मग?"

"अहो, ती गाठ मी रोज बैलाच्या गळ्यात दाव्याला मारतो! माझ्या बापानं शिकवलेली. पोर जन्मापासून बघतंय."

आम्ही दोघेही हसलो. मग ते म्हणाले, "त्याला म्हटलं, ये इकडे, आणखी दाखवतो. तर दोन तास बसला. पहिल्यांदाच बसला असा माझ्याजवळ."

२०२० सालच्या नव्या शैक्षणिक धोरणात असे म्हटले आहे, की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय शिकवावे आणि सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या जाणत्या माणसांकडे न्यावे. त्या वेळी हे धोरण नव्हते. आमच्या डोक्यातही नव्हते. मामा उठता उठता दारात थांबले आणि म्हणाले, "एवढ्यासाठी घाटावर कशाला पाठवायची पोरं? मलाच बोलवायचंत की."

शनिवारी आम्ही त्यांना बोलावले. ते चार हात दोर आणि बैल, दोन्ही घेऊन आले.